कॅलिफोर्नियाची नोटरी परीक्षा: वकिली करूनही नापास झाले

जुनी_वकीलीण: लाज वाटतेय, तरी विचारते. महाराष्ट्रात नऊ वर्षं दिवाणी कोर्टात वकिली केली. तिकडे नोटरीला परीक्षा नसते, प्रॅक्टिसची वर्षं मोजतात. इथे सहा तासांचा सक्तीचा कोर्स केला, तोही भाजी चिरताचिरता ऐकला, आणि बसले. 45 प्रश्न, एक तास. चाळीस मिनिटांत पेपर देऊन उठले! पास व्हायला सत्तर गुण लागतात, थोडक्यात हुकले. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. कुठे चुकतंय माझं?

खाडीकाठ: सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (म्हणजे इथे नोटरी नेमणाऱ्या राज्याच्या कार्यालयाच्या) साइटवर नोटरी हँडबुक फुकट आहे, तेच वाचा. एका कॅलेंडर महिन्यात एकदाच बसता येतं, त्यामुळे आता पुढच्या महिन्याची तारीख धरा.

शिक्केवाला: ताई, तुम्ही वकील आहात तिथेच घोळ आहे. राग मानू नका, मीही तिकडे नऊ-दहा वर्षं सबरजिस्ट्रारच्या दारात दस्त लिहायचो आणि पहिल्यांदा असाच आपटलो.

आपल्याला सवय असते ‘ट्रू कॉपी’ची. मूळ कागद बघितला, झेरॉक्सवर शिक्का मारला. इथला नोटरी जन्मदाखल्याची, पदवीची प्रत प्रमाणित करू शकत नाही. पॉवर ऑफ अॅटर्नीची करू शकतो. मी ‘हो’ला गोल केला होता.

दुसरं म्हणजे सल्ला. समोरच्याने विचारलं, ‘याला अॅक्नॉलेजमेंट लावू की जुरॅट?’ तर आपली जीभ लगेच सुटते. इथे ते नोटरीने ठरवायचं नाही, सही करणाऱ्याने सांगायचं. तुमच्याकडे कॅलिफोर्नियाची सनद नाही ना? मग गप्प. फरक मात्र पाठ हवा: अॅक्नॉलेजमेंटमध्ये सही आधी झालेली असली तरी चालते, माणसाने समोर येऊन ‘ही माझीच’ म्हणायचं. जुरॅटला सहीही तुमच्यासमोर आणि शपथही. यावर पेपरवाले नाना तऱ्हेने फिरवून विचारतात.

आणि आकडे. बाँड, म्हणजे नोटरीचं हमीपत्र, 15,000 डॉलरचा. कमिशन (नोटरीची नेमणूक) सुरू झाल्यापासून 30 दिवसांत शपथ आणि बाँड काउंटी क्लार्ककडे दाखल, मुदतवाढ नाही. पत्ता बदलला तरी कळवायला 30 दिवस. पण जर्नलमधल्या, म्हणजे नोटरीच्या नोंदवहीतल्या, नोंदीची प्रत कुणी लेखी मागितली तर 15 दिवस, तेही कामकाजाचे. इथे मी तीसच लिहून आलो. फी एका सहीला जास्तीत जास्त 15 डॉलर. पोस्टाने मतदानाच्या पाकिटाला एक पैसाही नाही. पॉवर ऑफ अॅटर्नी किंवा मालमत्तेचा डीड असेल तर जर्नलमध्ये अंगठा, उजवा. ही सवय तरी आपली जुनीच!

मी आकड्यांचे कागद फ्रिजवर चिकटवले होते. बायको म्हणाली, दूध काढताना तरी कायदा बाजूला ठेवा.

जुनी_वकीलीण: ट्रू कॉपीचा प्रश्न आला होता!! डोळे झाकून ‘हो’. आणि दुभाष्याचाही एक होता. म्हातारीला इंग्रजी येत नाही, मुलगा भाषांतर करतोय. मी म्हटलं चालेल, कोर्टात चालतं की.

शिक्केवाला: नाही चालत. कागद मराठीत असला आणि नोटरीला वाचता आला नाही तरी हरकत नाही, पण सही करणाऱ्याशी नोटरीला स्वतः बोलता आलं पाहिजे. म्हणून तर गावाकडच्या जमिनीची पॉवर द्यायची असली की आपल्या आज्या मला शोधत येतात. ती पॉवर तिकडे पाठवताना अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी दाखला) लागतं, तो मात्र सेक्रेटरी ऑफ स्टेटचा प्रांत.

खाडीकाठ: जाताना भरलेला अर्ज, कोर्सचा दाखला, ओळखपत्र आणि 2 बाय 2 इंचाचा फोटो विसरू नका. माझ्या रांगेत एक जण भारतातला उरलेला फोटो घेऊन आला होता, लहान पडला.

जुनी_वकीलीण: माझ्याकडेही तसलेच बारा उरलेत. उद्या नवे काढते. आणि हो, जुरॅटची शपथ पाठ होते का बघायला आज सासूबाईंनाच समोर बसवते, तेव्हाच सांगेन.