नवे साहेब चांगले, तरी भरवसा का बसत नाही?

प्रश्न: भोसरीत सीएनसीवर (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) 11 वर्षं आहे. जुने साहेब ओरडायचे, पण जॉब (मशीनवर बनवलेला भाग) रिजेक्ट झाला की मायक्रोमीटर घेऊन शेजारी उभे राहायचे. नवे शांत, सगळं विचारून करतात. पोरं म्हणतात, "यांना काही येत नाही." मलाही तसंच वाटतं, आणि त्याचंच वाईट वाटतं.

उत्तर: साहेब कसा असावा, हे चित्र डोक्यात आधीच असतं. ऑफरमन, केनेडी, विर्ट्झ या संशोधकांच्या 1994 च्या अभ्यासात त्याचे आठ पैलू निघाले, त्यात संवेदनशीलता आहे तशी दडपशाहीही. तुमचं चित्र जुन्या साहेबांचं आहे.

उत्तर: दादा, विचारतो तो अडाणी नसतो. मशीनवर बघा त्यांना.

प्रश्नकर्ता: काल बघितलं. बोअर, म्हणजे जॉबचं भोक, 20 मायक्रॉन लहान येत होता. त्यांनी इन्सर्ट (धातू कापणारं छोटं पातं) काढला, नखाने धार चाचपली, "झिजलाय" म्हणाले. बदलल्यावर माप बसलं. आज चहाला पोरांना सांगितलं.