सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन २२ मार्चला आहे. ठेवावं की पुढे ढकलावं?

मयूर कॉलनी (शनिवार, १४ मार्च २०२०)

प्रश्न घरगुती आहे, पण दोन रात्री धड झोप नाही म्हणून इथे विचारते.

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे बाबांचं, सहस्रचंद्रदर्शन पुढच्या रविवारी, २२ तारखेला ठरलंय. कर्वे रस्त्याजवळचं कार्यालय नोव्हेंबरातच घेतलं होतं. पावणेदोनशे पानं. केटररला निम्मे पैसे पोचलेत. औक्षणासाठी ८१ पणत्या कुंभारवेशीतून आणून, धुऊन, वाळवून गच्चीच्या खोलीत मांडून ठेवल्यात. येणारे कोण? बाबांच्या बँकेतले जुने सहकारी, तळजाईवर रोज सकाळी फिरणारा त्यांचा गट, सांगलीच्या दोन आत्या, डोंबिवलीचे काका-काकू. निम्म्याहून जास्त माणसं सत्तरीच्या पुढची.

सोमवारी, ऐन होळीच्या दिवशी, पुण्यातले करोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले. दुबईची सहल करून आलेलं जोडपं. दुसऱ्या दिवशी त्यांची मुलगी, त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीवाला आणि एक सहप्रवासी. काल मुख्यमंत्र्यांनी चित्रपटगृहं, व्यायामशाळा, तरणतलाव ३० तारखेपर्यंत बंद केले. दहावी-बारावीच्या परीक्षा सोडून शाळांनाही सुट्टी. कार्यालयाच्या मॅनेजरना फोन केला, तर ते म्हणाले, "आम्हाला अजून काही आलेलं नाही, तुमचं तुम्ही ठरवा." नवरा म्हणतो, धोका असता तर त्यांनीच नको म्हटलं असतं.

मला खरा त्रास होतोय तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या दुबईच्या कुटुंबाचं नाव आणि फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला. तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहते. एका मोठ्या रुग्णालयात नर्स आहे, बाविशीची असेल. गुरुवारी ग्रुपवर निरोप आला की रुग्णालयात काम करणाऱ्यांनी काही दिवस लिफ्ट वापरू नये. खाली सत्तावीस अंगठे. त्यातला एक माझा. आणि मंगळवारी धुळवडीला याच सगळ्यांनी पार्किंगमध्ये एकमेकांच्या तोंडाला रंग फासून, एका पातेल्यातली मिसळ खाल्ली होती. मी पण.

कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हेच मला कळेनासं झालंय. बाबा रोज सकाळी विचारतात, "कोण कोण येणार म्हणाले?" मी काय करू?

औंधकर (१४ मार्च)

ताई, कार्यक्रम करा. मनापासून सांगतो. २००९ साली याच पुण्यात स्वाइन फ्लूने लोकांची गाळण उडाली होती. पुढे तोच आजार आपल्यातलाच एक होऊन गेला, आज त्याच्यासाठी कुणी मास्क लावतं का? आपल्या देशात क्षयाने वर्षाला चार लाखांवर माणसं जातात. रस्त्यावरच्या अपघातांत दीड लाख. करोनाने आजपर्यंत दोन. त्यात आता ऊन तापायला लागलंय. ऐंशी पार केलेल्या माणसाला हा दिवस पुन्हा मिळेल की नाही, कुणी सांगावं? वडिलांचा असाच सोहळा आम्ही "पुढच्या वर्षी करू" म्हणून ठेवला, तो राहूनच गेला. म्हणून कळकळीने लिहितोय.

शिरूरचा पोरगा (१४ मार्च)

कार्यक्रमाचं मला कळत नाही. पण कशाला घाबरायचं हे विचारलंय म्हणून लिहितो. आमचं चार हजार पक्ष्यांचं शेड आहे. कोंबडीतून करोना होतो असा एक मेसेज फिरला आणि गिऱ्हाईक संपलं. एक किलो पक्षी तयार करायला सत्तर-पंचाहत्तर रुपये जातात. परवा व्यापारी पंधराने मागत होता. तोही आता फोन उचलत नाही. पक्षी खातोच आहे, खाद्य रोज लागतंय. या रोगाचा कोंबडीशी संबंध नाही असं सरकारी पशुवैद्यकाने स्वतः शेडवर येऊन सांगितलं, पण त्याचं ऐकायला गिऱ्हाईक कुठंय? आमच्या आळीत कोंबडी बंद झाली, लग्नं चालू आहेत. परवाच एका हळदीला सातशे माणूस होतं.

जुनी सिस्टर (१४ मार्च, रात्री)

मयूर कॉलनी, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. मी महापालिकेच्या दवाखान्यात एकतीस वर्षं परिचारिका होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. थोडं सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो आपल्या पुण्यात. चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. तोपर्यंत आमच्याकडे तपासणीला दिवसाला पाच-सात माणसं यायची. चार तारखेला सकाळी दार उघडलं तर रांग कोपऱ्यावरून वळून पलीकडच्या रस्त्याला लागली होती. निळ्या कागदी मास्कचा भाव दुपारपर्यंत दुप्पट झाला, संध्याकाळी मिळेनासा झाला. मग रुमाल आले. रुमालावर निलगिरीचं तेल आलं. कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी गळ्यात बांधलेली मुलं आली. त्या रांगेतल्या दहातल्या आठ जणांना काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. शेजारच्याला ताप आहे, मुलगा सकाळी शिंकला, एवढ्यावर ती माणसं चार-चार तास, खरोखर तापाने फणफणलेल्या माणसाच्या पाठीला पोट लावून उभी होती. मी ओरडून सांगत होते, "घरी जा, घरी जा." कुणी हलत नव्हतं. घरी बसणं म्हणजे काहीच न करणं, आणि रांगेत उभं राहणं म्हणजे काहीतरी करणं, असं त्यांना वाटत होतं. त्या रांगेतून आजार घेऊन घरी गेलेले किती असतील, याचा विचार मी अजून करते.

औंधकर, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण तुमचा हिशेब मला मान्य नाही. क्षय या महिन्यात जेवढा आहे तेवढाच पुढच्या महिन्यात असतो. अपघातही तसेच. एका अपघातातून दुसरे तीन होत नाहीत. हा आजार वाढतो तो दुपटीने. समजा, दर तीन दिवसांनी दुप्पट होतो असं धरलं, तर आजचे दहा महिन्याभरात दहा हजार होतात. कागदावर करून बघा, दहा वेळा दुप्पट करायचंय फक्त. इटलीत २१ फेब्रुवारीला उत्तरेकडच्या एका छोट्या गावात स्थानिक लागण सापडली. आज तिथे हजारावर माणसं गेलीत. आज देशात दोन, हा आकडा खरा आहे, पण तो मागचं सांगतो. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, चौदा दिवससुद्धा. म्हणजे आज नायडू रुग्णालयात दाखल झालेला माणूस गेल्या आठवड्यातली बातमी देतोय. उन्हाचं म्हणाल, तर ऊन या विषाणूला मारतं असं आजवर सिद्ध झालेलं नाही. त्याच्या भरवशावर मी माझं माणूस सोडणार नाही.

आता बाबांच्या पावणेदोनशे पानांचं. चीनच्या रोगनियंत्रण केंद्राने फेब्रुवारीत चव्वेचाळीस हजारांवर रुग्णांचा हिशेब मांडला. एकूण रुग्णांत दगावणारे शंभरात दोनच्या थोडे वर. दहा ते चाळीस वयात हजारात दोन. आणि ऐंशीच्या पुढे शंभरात जवळजवळ पंधरा. तुम्ही ज्यांना अक्षता दिलीत त्यांची यादी या आकड्यांशेजारी ठेवून बघा. दुबईहून आलेल्या कुटुंबाला सगळं शहर घाबरतंय, आणि ते तर दवाखान्यात, दाराआड, डॉक्टरांच्या नजरेखाली आहेत. तिसऱ्या मजल्यावरची ती मुलगी दिवसातून तीस वेळा हात धुते. तुमच्या इमारतीत विषाणू कसा टाळायचा हे सगळ्यात चांगलं तिलाच माहीत असेल. धोका आला तर तो तळजाईच्या गटातल्या एखाद्या बारीक खोकणाऱ्या काकांबरोबर येईल, ज्यांना आपण वाकून नमस्कार करू आणि हाताने पेढा भरवू. ओळखीच्या माणसाची भीती वाटत नाही, तिथेच फसगत होते.

एक जुनी गोष्ट. काल सरकारने जो साथरोगांचा कायदा लागू केला तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या साली पुण्यात इंग्रज अधिकारी रँडचे सोल्जर घराघरांत घुसून रुग्ण शोधत होते, बायकांच्या माजघरापर्यंत जात होते. लोकांनी काय केलं? रुग्ण लपवले. माळ्यावर, परसात, रात्री गाडीत घालून गावाला. जे लपतं ते पसरतं. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले रुग्णांना मुलाच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि १० मार्चला प्लेगनेच गेल्या. परवा मंगळवारी धुळवडीला त्यांचा स्मृतिदिन होता. ज्या ग्रुपवर त्या कुटुंबाचा फोटो फिरतोय, त्या ग्रुपवरच्या कुणाला उद्या ताप आला तर तो सांगेल का? मला वाटतं, नाही सांगणार. माझी खरी भीती ही आहे.

कार्यक्रम पुढे ढकला. कार्यालयाचे पैसे बुडाले तर बुडू द्या. बाबांना मात्र तुम्ही स्वतः सांगा, नवऱ्यावर टाकू नका. आणि एक यादी करून प्रत्येकाला फोन करा. मेसेज नको, फोनच. म्हाताऱ्या माणसांना मेसेजचा राग येतो.

शिकवणारी (१५ मार्च)

मानसशास्त्र शिकवते, म्हणून एकच भर घालते. सिस्टरताईंनी जे रांगेत पाहिलं त्यावर आमच्या विषयात बरंच काम झालंय. पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ मध्ये मांडलं होतं की लोक धोका मोजताना नुसता मेलेल्यांचा आकडा बघत नाहीत. तो अनोळखी आहे का, डोळ्यांना दिसतो का, आपल्या हातात काही आहे का, हे बघतात. त्याआधी, १९६९ मध्ये, चॉन्सी स्टार यांनी अंदाज केला होता की स्वखुशीने पत्करलेला धोका माणूस लादलेल्या धोक्यापेक्षा साधारण हजारपट जास्त सोसतो. गेल्या वर्षी जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध आपल्याकडे मोर्चे निघाले ते आठवा. त्यातले कितीतरी जण आज सॅनिटायझरसाठी तीन दुकानं फिरतायत. त्यांना मूर्ख म्हणू नये. दुचाकी रोजची आहे, ती आपल्या हातात आहे असं वाटतं. हा विषाणू तसा नाही. घरचं कार्यही रोजच्या ओळखीचं असतं, म्हणून ते सुरक्षित वाटतं.

औंधकर (१५ मार्च)

सिस्टर, दहा वेळा दुप्पट करून बघितलं. आकडा बघून थोडा वेळ तसाच बसलो. उन्हाचा मुद्दा मागे घेतो. आई साताऱ्याला एकटी असते, गुढीपाडव्याला तिला इकडे आणणार होतो. आता आणावं की नको?

जुनी सिस्टर (१५ मार्च)

एस.टी.च्या गर्दीतून आणू नका. आणायचंच असेल तर स्वतः गाडी घेऊन जा, लवकर जा, आणि आणल्यावर दोन आठवडे घरात पाहुणा नको. नाहीतर तिथेच किराणा आणि औषधं भरून द्या, शेजारी दोन नंबर देऊन ठेवा. रक्तदाबाच्या गोळ्या महिन्याभराच्या घ्या.

मयूर कॉलनी (मंगळवार, १७ मार्च)

बाबांना रविवारी सांगितलं. मला वाटलं होतं रागावतील. ते उठले, कपाटातून निमंत्रणाची वही काढली आणि म्हणाले, "यातल्या कुणाचं काही झालं तर मला उरलेले चंद्र मोजवतील का?" मग अर्धा तास काहीच बोलले नाहीत. संध्याकाळी स्वतःच पहिला फोन लावला, सांगलीच्या मोठ्या आत्यांना.

केटररने पैसे परत करता येणार नाहीत असं सांगितलं, पण पुढच्या कार्याला धरतो म्हणाला. त्याच्याकडच्या चौदा वाढप्यांना या महिन्यात काम नाही. तो हे सांगत होता तेव्हा मला पुढे काही बोलवेना.

ग्रुपवर मी लिहिलं की माझा अंगठा चुकीचा होता, तो मागे घेते, आणि त्या कुटुंबाचा फोटो सगळ्यांनी काढून टाकावा. दोन तास कुणीच काही बोललं नाही. मग सहा जणांनी अंगठे दिले. तिसऱ्या मजल्यावर गेले तर मुलगी रात्रपाळी करून झोपली होती. संध्याकाळी ती आली, दारातच, चार हात लांब उभी राहिली. मी आत ये म्हटलं, तर म्हणाली, "काकू, आजोबा आहेत ना घरात. मी नको." लिफ्टचं तिला कुणी तोंडावर सांगितलंच नव्हतं. ग्रुपवर नसलेल्या घरमालकाने फोनवर सांगितलं होतं. ती तीन दिवस जिना चढत होती.

मयूर कॉलनी (सोमवार, २३ मार्च)

काल जनता कर्फ्यू होता, म्हणजे कार्यालयात तसंही काही झालं नसतं. घरातल्या घरात पणत्या लावल्या. ८१ मावत नव्हत्या, म्हणून उरलेल्या बाल्कनीच्या कठड्यावर. पाच वाजता थाळ्या वाजायला लागल्या तेव्हा बाबा पाटावरच होते. औक्षण अर्ध्यावर थांबवून आम्ही सगळे बाहेर गेलो. ती मुलगी कामावर होती.

सिस्टरताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे यादीतल्या एकशे त्रेचाळीस जणांशी फोनवर बोलणं झालं. डोंबिवलीचे काका आणि बँकेतले पाच जण अजून फोन उचलत नाहीत. रागावलेत बहुतेक. उद्या सकाळी पुन्हा लावते.