कॉलेज फुटबॉल २५ : परीक्षणं पटली का? तुमचे अनुभव सांगा

अमेरिकेत शिकलेल्या, तिथेच राहिलेल्या किंवा परत आलेल्या मंडळींसाठी हा धागा. १९ जुलै २०२४ ला ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल २५’ हा कॉलेज संघांच्या अमेरिकन फुटबॉलचा व्हिडिओ गेम आला. त्याआधीचा गेम जुलै २०१३ चा, म्हणजे मधली अकरा वर्षं कोरडीच गेली. समीक्षकांनी स्वागत केलं. परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवरची सरासरी शंभरपैकी ८० च्या वर राहिली. मैदानातलं वातावरण, खेळाचा वेग आणि डायनॅस्टी मोड (यात कोच होऊन संघ हंगामामागून हंगाम चालवायचा) या तिन्हींचं कौतुक झालं. ‘रोड टू ग्लोरी’ या एकाच खेळाडूची कारकीर्द घडवायच्या मोडवर मात्र अनेकांनी बोट ठेवलं.

मी अ‍ॅन आर्बरला, मिशिगन विद्यापीठाच्या गावी, दोन वर्षं होतो. मिशिगनच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. गेममध्ये हेल्मेटवरच्या त्या पिवळ्या पंखांसारख्या पट्ट्या दिसल्या आणि मला ऑक्टोबरची थंडी आठवली. मी वाचलेल्या परीक्षणांत ‘वातावरण’ हा शब्द वारंवार येतो, पण त्या बाकांवर बसलेल्या माणसाला ते खरं वाटतं का, हे कुणी विचारत नाही. म्हणून मी विचारतोय.

*कॉलेज स्टेशन, टेक्सास*

गेम येण्याआधी सगळ्यात अवघड मैदानांची यादी जाहीर झाली होती. पहिलं नाव आमच्या काइल फील्डचं होतं. टेक्सास ए अँड एमच्या विद्यार्थ्यांना ती बातमी म्हणजे घरचं कार्यच.

मी तिथे एमएस केलं. पहिल्याच मॅचला सीनियरने बजावलं होतं, ‘बसायचं नाही.’ सीटवर पाय ठेवायचा, पण बसायचं नाही. १९२२ साली ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांतून खाली उतरला, गणवेश चढवला आणि गरज पडली तर खेळता यावं म्हणून शेवटपर्यंत उभा राहिला. त्याच्यावरून विद्यार्थी स्वतःला ‘बारावा खेळाडू’ म्हणवतात आणि मॅचभर उभे असतात. शेवटी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून सगळे डोलतात. तेव्हा वरचा मजला खरोखर हलतो. पहिल्यांदा मी घाबरून कठडा धरला होता.

आता गेमचं. पाहुणा संघ घेऊन काइल फील्डवर खेळायला उतरलात आणि आवाज चढला, की स्क्रीन थरथरते, कंट्रोलर हातात हादरतो, आणि कुणी कुठे धावायचं हे दाखवणाऱ्या रेषा वेड्यावाकड्या होतात. काही समीक्षकांना ही गेमची सगळ्यात चांगली कल्पना वाटली. मला ती कल्पना वाटलीच नाही. माझ्या पायाखालचं काँक्रीट जसं हललं होतं तशीच स्क्रीन हलत होती. एक लाख माणसं ओरडतात तेव्हा क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल सांगून पास टाकणाऱ्या खेळाडूला, स्वतःचा शब्दही ऐकू येत नसेल, हे मला तिथे कळलं होतं. गेमने ते खेळणाऱ्याच्या बोटांपर्यंत आणलं. या एका गोष्टीसाठी माझ्याकडून दहापैकी दहा.

*कोलंबस, ओहायो*

मी आई आहे, खेळाडू नाही. माझा मुलगा इथेच जन्मला, ओहायो स्टेटचा भक्त. त्याच्याबरोबर बसून मी खेळायला शिकले. परीक्षणं लिहिणाऱ्यांना खेळ आधीपासून येतो, त्यामुळे ‘डाउन’ म्हणजे काय ते कुणी समजावत नाही, आणि गेमही नवख्याचा हात धरत नाही. मला लेकाने शिकवलं. ‘आई, चार संधी, दहा यार्ड. एवढंच लक्षात ठेव.’ आता शनिवारी टीव्हीवर मॅच लागली की मीच त्याला सांगते, इथे पळायचं नाही, पास द्यायचा. वर काइल फील्डबद्दल ज्या दादांनी लिहिलंय, त्यांचं वाचून अंगावर काटा आला.

*मुंबई*

मी वकील आहे, म्हणून जरा वेगळं लिहिते. कौतुकाच्या लाटेत गेम अकरा वर्षं बंद का होता, हे दोन ओळींत उरकलं जात होतं. जुन्या गेममध्ये खेळाडूंची नावं नसायची. ‘क्वार्टरबॅक नंबर अमुक’ एवढंच लिहिलेलं असायचं, पण जर्सीचा आकडा, उंची, वजन हुबेहूब खऱ्या खेळाडूचं, आणि त्याला पैसा एकही नाही. २००९ मध्ये सॅम केलर या माजी क्वार्टरबॅकने दावा लावला. त्याच वर्षी यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा माजी बास्केटबॉलपटू एड ओ’बॅनन कोर्टात गेला. मित्राच्या घरी बास्केटबॉलच्या गेममध्ये त्याने स्वतःलाच पाहिलं होतं. २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याआधीच मालिका थांबली होती.

जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर कमावता येऊ लागलं, म्हणून हा गेम परत आला. प्रत्येकी ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत, या अटीवर ११,००० च्या वर खेळाडूंनी होकार दिला. अमेरिकेतल्या खेळांच्या गेममध्ये विक्रीच्या रकमेत हा सगळ्यांत वर गेला, हे पाहिलं तर ६०० मला फार कमी वाटतात. गुण देताना ही बाजूही मोजायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. तरीही पडद्यावर खेळाडूचं नाव दिसतं आणि समालोचक ते उच्चारतो, तेव्हा बरं वाटतं. ज्याचं आहे ते त्याला मिळालं, थोडं का होईना.

*सिएटल*

२०१३ चा गेम मी दहा वर्षं खेळलो. त्याची सेकंडहँड डिस्क शंभर डॉलरच्या वर जात होती तेव्हाही मी माझी विकली नाही. त्यातल्या ‘रोड टू ग्लोरी’त तुमचा खेळाडू हायस्कूलपासून सुरुवात करायचा. नव्यात हायस्कूल गायब, थेट कॉलेज. समीक्षकांची ही तक्रार शंभर टक्के बरोबर होती. २०२५ साली आलेल्या पुढच्या गेममध्ये, ‘कॉलेज फुटबॉल २६’ मध्ये, हायस्कूल परत आलं, म्हणजे कुणीतरी ऐकलं.

*पुणे*

अल्टिमेट टीम, म्हणजे खेळाडूंची कार्डं जमवून संघ बांधायचा मोड, त्याबद्दल एकच वाक्य. कार्डांची पाकिटं विकत घेण्याचा मोह होतो, लहान मुलांच्या घरात जपून.

*अ‍ॅक्रन, ओहायो*

मोठ्या विद्यापीठांचं सगळ्यांनी लिहिलं. आमचं लिहायला कुणी नाही म्हणून लिहितो. अ‍ॅक्रन हे टायरचं गाव. पॉलिमर शिकायला इथे आपली बरीच मुलं येतात, मीही तसाच आलो. फुटबॉलचा संघ कायम हरणारा. नोव्हेंबरात मंगळवारी-बुधवारी रात्री मॅच असते. टीव्हीवर दिसायचं तर तेव्हाच. ३०,००० च्या स्टेडियममध्ये आम्ही ब्लँकेट गुंडाळून बसायचो. आमच्या लॅबमधले चौघे आणि दूरवर बँड.

गेममध्ये कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटातले तेव्हाचे १३४ च्या १३४ संघ आहेत. मला वाटलं होतं, आमच्या वाट्याला नुसती जर्सी येईल. पण आमचं स्टेडियम आलं, निळा-सोनेरी रंग आला, आमच्या संघाचं शुभचिन्ह झिपी कांगारू आली. डायनॅस्टीमध्ये मी अ‍ॅक्रनचा कोच झालो. दर आठवड्याला हायस्कूलच्या मुलांना संघात ओढायला ठरावीक तास मिळतात. मोठी विद्यापीठं ज्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत, अशी पाचपैकी दोनच तारे मिळालेली मुलं मी शोधायचो. तीन वर्षं घडवायचो, आणि मुलगा चमकला की तो ट्रान्सफर घेऊन मोठ्या संघात जायचा. खऱ्या अ‍ॅक्रनचंही हेच दुखणं आहे. समीक्षकांनी डायनॅस्टीला ‘खोल’ म्हटलंय. ती खोली मला तेव्हा कळली, जेव्हा पाचव्या हंगामात माझा एक लाइनबॅकर (बचाव फळीतला खेळाडू) जायचं की राहायचं या यादीत दिसला. मी त्याला थांबायला राजी केलं. तो राहिला.

त्या हंगामात आम्ही कॉन्फरन्स, म्हणजे आमच्या गटातल्या संघांची स्पर्धा, जिंकली. बाहेर खरा बर्फ पडत होता. मी लॅबच्या त्या तिघांना फोन लावला. त्यातला एक आता नाशिकला असतो, तिथे पहाट होती. तो म्हणाला, ‘स्कोअर सांग आधी.’