शेड म्हणजे सावली, छप्पर की रंग? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा)

सचिव (बी-104): सर्व सभासदांना नमस्कार. रविवारच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या सूचनापत्रात विषय क्र. 3 म्हणून केवळ "शेडबाबत निर्णय घेणे" एवढेच छापले गेल्याबद्दल दिलगीर आहे. हा विषय दुचाकींच्या जागेवर पत्र्याची शेड टाकण्याचा होता. कालपर्यंत माझ्याकडे अकरा सभासदांचे लेखी अभिप्राय आले असून त्यांपैकी सात जणांनी फिकट पिवळी, तर तिघांनी राखाडी शेड सुचवली आहे. उरलेल्या एका सभासदांनी खांब लोखंडी असावेत असे कळवले आहे. विषय बरोबर समजलेले ते एकटेच.

कदमकाका (ए-203): सचिवसाहेब, यात सभासदांचा दोष नाही. लिफ्टशेजारच्या फलकावर सूचनापत्राला खेटूनच आपण रंगाचे शेड कार्ड टाचले आहे, आणि इमारतीला रंग देण्याचा विषय गेली दोन वर्षे गाजतो आहे. शेड म्हटल्यावर माणूस दुसरे काय समजणार?

वैशालीताई (बी-302): कर्णिकसर, आपण इतकी वर्षे इंग्रजी शिकवले आहे म्हणून विचारते. पत्र्याची शेड आणि रंगाची शेड हे इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत ना? की आपणच ते एक करून टाकले?

कर्णिकसर (ए-301): वैशालीताई, आजच्या इंग्रजीत ते दोन शब्द आहेत. छपराच्या शब्दातला स्वर ऱ्हस्व आहे, तर रंगाच्या आणि सावलीच्या शब्दातला दीर्घ आहे. आपल्या लिपीत एकारासाठी एकच मात्रा असल्यामुळे दोन्ही "शेड" असेच लिहिले जातात आणि हळूहळू बोललेही तसेच जातात. घड्याळात घालायचा सेल आणि दुकानात लागणारा सेल यांचे जे झाले, तेच येथे झाले. परंतु सेलच्या बाबतीत ते दोन शब्द मुळातच एकमेकांना परके आहेत. शेडच्या बाबतीत मात्र गंमत अशी आहे, की पत्र्याची शेड हा सावलीच्या शेडचाच एक फाटा असावा असे कोशकार मानतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी लेखनात दिसू लागतो. ज्याखाली सावली मिळते ते छप्पर, असा तो अर्थ सरकत गेला असावा. म्हणजे इंग्रजांनी पाचशे वर्षांपूर्वी वेगळे केलेले दोन भाऊ आपल्या सूचनापत्राने नकळत पुन्हा एका घरात आणले आहेत. तेव्हा सचिवांना दोष देण्याआधी त्यांचे आभार मानावेत असे मला वाटते.

सचिव (बी-104): सर, हे वाक्य इतिवृत्तात घेऊ का?

रोहन (सी-401): सर, झाडाने पाने गाळणे यासाठीही इंग्रजीत हाच ऱ्हस्व शब्द वापरतात. तोही याच घराण्यातला का?

कर्णिकसर (ए-301): नाही. तो विभागणे, वेगळे करणे अशा अर्थाच्या प्राचीन इंग्रजी क्रियापदातून आला आहे. भूगोलात जलविभाजकासाठी जो इंग्रजी शब्द शिकवतात, त्याच्या उत्तरार्धात तोच आहे. दिसायला जुळा असला तरी नाते काही नाही.

वैशालीताई (बी-302): मग सावलीला इंग्रजीत दोन शब्द का आहेत? शेड आणि शॅडो यांत माझी मुलगी नेहमी चुकते, आणि तिला समजावताना मीही चुकते.

कर्णिकसर (ए-301): हा प्रश्न मला फार आवडला, म्हणून उत्तर थोडे लांबणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढच्या संदेशावर जावे. आपल्याकडे "पाणी" या शब्दाला प्रत्यय लागताना त्याचे "पाण्या" होते. पाण्याला, पाण्यात, पाण्याने. शाळेत याला आपण सामान्यरूप म्हणतो. प्राचीन इंग्रजीतही नामांना अशी रूपे होती. सावलीच्या शब्दाचे मूळ रूप उच्चारायला "शाडू"च्या जवळचे होते (गणपतीच्या मातीशी त्याचा काही संबंध नाही), तर विभक्तीतले रूप "शाडवे"च्या जवळचे होते. पुढे इंग्रजीतील बहुतेक विभक्ती झडून गेल्या, पण या शब्दाची दोन्ही रूपे तगली आणि स्वतंत्र शब्द होऊन बसली. पहिल्याचे शेड झाले आणि दुसऱ्याचे शॅडो. उद्या मराठीतून प्रत्यय नाहीसे झाले, नदीत असते ते "पाणी" आणि पेल्यात असते ते "पाण्या" असे लोक म्हणू लागले, तर जे होईल तेच हे. कुरणासाठी इंग्रजीत मीड आणि मेडो असे जे दोन शब्द आहेत, त्यांची कथाही हीच.

दोन शब्द हाती आल्यावर भाषेने त्यांच्यात कामे वाटून दिली. जिथे ऊन पोहोचत नाही ती जागा, तिथला गारवा, तो आडोसा म्हणजे शेड. त्याला आकार नसतो. वस्तूच्या मागे जमिनीवर किंवा भिंतीवर जी आकृती उमटते ती शॅडो. दुपारी आपल्या गाड्या फाटकाजवळच्या बदामाखाली उभ्या असतात तेव्हा त्या शेडमध्ये असतात. तीन वाजल्यानंतर ऊन कलते, ती सावली सरकत कुंपणाच्या भिंतीवर जाते, आणि भिंतीवर बदामाची पाने वेगवेगळी मोजता येतात. ती शॅडो. मुलीला बदामापाशी नेऊन दाखवावे, ती पुन्हा चुकणार नाही. मराठीत दोन्हींना सावलीच म्हणतात आणि आपले काही अडत नाही.

कदमकाका (ए-203): तीन वाजता सावली सरकल्यावर माझ्या स्कूटरच्या सीटचे काय होते, हे दाखवायलाही तिला आणावे. गेल्या एप्रिलमध्ये त्या सीटवर मी ओला टॉवेल टाकून बसत होतो. सर, शेड हा आपल्या "छाया"वरूनच गेलेला शब्द आहे, असा एक संदेश मला कालच आला होता. तो खरा आहे का?

कर्णिकसर (ए-301): कदमकाका, तो संदेश पुढे पाठवू नये. छायेचे खरे नातेवाईक म्हणजे फारसीतील "साया" आणि ग्रीकमधील "स्किया". खारीला इंग्रजीत जो शब्द आहे तो याच ग्रीक शब्दातून आला असे मानतात. जिची शेपटीच तिच्यावर सावली धरते ती, असा त्याचा अर्थ. शेड मात्र ग्रीकमध्ये काळोखाला "स्कोतोस" म्हणतात त्याच्या कुळातला आहे. जर्मन "शाटन" आणि डच "स्खाडू" ही त्याची सख्खी भावंडे.

अनघा (सी-202, सध्या डब्लिन): सर, मध्येच बोलते, क्षमस्व. आयरिश भाषेत सावलीला "स्का" म्हणतात. तोही याच कुळातला आहे, असे आमच्या आयरिशच्या वर्गात सांगितले होते. येथे छत्रीला "पावसाची स्का" म्हणतात. ज्या गावात ऊन हीच बातमी असते, तेथे सावलीचा शब्द पावसासाठी वापरावा लागतो. आरशाचा शब्दही "स्का"पासूनच झाला आहे.

कर्णिकसर (ए-301): अनघा, उत्तम. संस्कृतातही छाया म्हणजे प्रतिबिंब असा अर्थ आहेच. आणि आपल्या दृष्टीने त्याहून जवळचा एक अर्थ सांगतो. गाथासप्तशतीची छापील प्रत पाहिली, तर महाराष्ट्री प्राकृतातील गाथेखाली तिचे संस्कृत रूपांतर दिलेले असते आणि त्याला "छाया" असेच म्हणतात. आपल्या भाषेच्या पूर्वजाखाली संस्कृतची सावली पडलेली पाहून मला दर वेळी थोडी मौज वाटते, कारण एरवी आपल्याला नेमके उलटे सांगितले जाते. राहिली इंग्रजी छत्री. तिचा शब्द लॅटिनमधील सावली म्हणजे "उंब्रा" यावरून इटालियनमार्गे आला. म्हणजे तीही मुळात उन्हासाठीच होती.

रोहन (सी-401): पण सावलीवरून रंगाची शेड कशी झाली? आमच्या कार्यालयात तर "तो शेडी आहे" आणि "तिने त्याला शेड दिली" असेही म्हणतात.

कर्णिकसर (ए-301): रंगाचा अर्थ चित्रकारांमुळे आला. एकाच रंगात काळोख मिसळत गेले, की त्याच्या गडद होत जाणाऱ्या पायऱ्या मिळतात. आजही रंगकामात काटेकोर बोलणारे लोक काळा मिसळून केलेल्या रंगालाच शेड म्हणतात, आणि पांढरा मिसळलेल्याला वेगळा शब्द वापरतात. त्या हिशेबाने सात सभासदांनी मागितलेली फिकट पिवळी शेड ही शेडच नव्हे. आपल्या "छटा"चा प्रवास मात्र उलट दिशेने झाला आहे. संस्कृतात छटा म्हणजे किरणांचा पुंजका, तेज. इंग्रजांनी रंगाची पायरी अंधारातून मोजली, तर आपण उजेडातून.

शेडी म्हणजे ज्याचे व्यवहार उजेडात येत नाहीत असा. दुसरा प्रयोग न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व पारलिंगी मंडळींच्या बॉल नावाच्या स्पर्धांमधून आला आणि 1990 च्या एका माहितीपटामुळे दूरवर पोहोचला. तोंडावर शिवी न देता समोरच्याला त्याची जागा दाखवायची, आणि तेही अशा नजाकतीने की त्याला तक्रारही करता येऊ नये, अशी ती कला आहे. आपल्याकडे तिला शालजोडीतले म्हणतात. तेव्हा रोहन, कार्यालयात मराठीत बोलायचे झाल्यास शब्द तयार आहे.

वैशालीताई (बी-302): म्हणजे मघाशी फिकट पिवळ्याबद्दल आपण जे लिहिलेत, ती शेडच होती. त्या सात जणांत मी आहे.

कर्णिकसर (ए-301): शालजोडी परत घेतो.

कांबळेसर (बी-401): चर्चा आवडली, म्हणून एक गोष्ट जोडतो. सावली म्हटले की आपण गारवा, आधार, मायेचे छत्र एवढेच मोजतो. याच प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला जात असे, आणि सकाळ-संध्याकाळी ती लांब पडते म्हणून माणसाला रस्ता बदलावा लागे. इंग्रजी शब्दाच्या अर्थांत मृतात्मा आहे, संशय आहे, टोमणा आहे. आपल्या शब्दाच्या अर्थांची यादी करताना हा अर्थ गाळू नये.

कर्णिकसर (ए-301): कांबळेसर, आपले म्हणणे योग्य आहे. ती यादी मी करायला हवी होती आणि मी ती गोड गोड केली.

सचिव (बी-104): सर्वांचे आभार. सुधारित सूचनापत्र आज संध्याकाळी फलकावर लागेल. विषय क्र. 3: दुचाकींच्या जागेवर पत्र्याचे छप्पर टाकणे. विषय क्र. 4: इमारतीच्या बाह्य रंगाची छटा निवडणे. शेड हा शब्द कोठेही ठेवलेला नाही. शेड कार्डही काढून माझ्या घरी ठेवले आहे.

कदमकाका (ए-203): सचिवसाहेब, एक शंका आहे. छपराचा पत्रा निळा घ्यायचा की हिरवा, हे विषय क्र. 3 मध्ये येणार की 4 मध्ये?

सचिव (बी-104): विषय क्र. 5 मध्ये, काका. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.