मदत हवी आहे: फायरवॉल सतत 'पोर्ट स्कॅन अटॅक' दाखवतोय

कल्याणकर_७९
कालपासून डोकं उठलंय. अँटिव्हायरसचा फायरवॉल थोड्या थोड्या वेळाने लाल चौकट दाखवतो, 'पोर्ट स्कॅन अटॅक ब्लॉक केला'. बाबांचं पेन्शनचं नेटबँकिंग याच पीसीवर चालतं. कोणी हॅक करतंय का? फॉरमॅट मारू का? आज रात्रीच काय ते करायचंय. आणि 'गुगल करा' म्हणू नका, करून झालंय.

वायरमन
चौकटीत आयपी (यंत्राचा नेटवर्कवरचा पत्ता) काय येतो? पोर्ट कुठले, म्हणजे पीसीच्या कुठल्या नंबरच्या दारांवर ठोठावलंय? राऊटर कुठला, विंडोज कुठली? त्याशिवाय सगळे अंदाजच.

पेंग्विनप्रेमी
विंडोज आहे ना? मग भोगा. लिनक्स मिंट टाका, अर्ध्या तासाचं काम.

सदाशिवपेठी
माझ्याकडे हाच अलर्ट यायचा. हल्लेखोर कोण निघाला, तर १९२.१६८.१.१, म्हणजे घरचाच राऊटर! पीसी राऊटरला डीएनएस (साइटच्या नावामागचा आयपी) विचारतो, उत्तर उशिरा येतं, तोवर फायरवॉलने वाट बघणं सोडलेलं असतं. मग निरनिराळ्या पोर्टांवर येणारी ती उत्तरं त्याला स्कॅन वाटतात. तो आयपी विश्वासूंच्या यादीत टाका, विषय संपला.

वायरमन
अहो, त्यांनी आयपी दिलाय कुठे अजून? डोळे मिटून यादीत टाकायला सांगू नका.

कल्याणकर_७९
आयपी १०.१५.४.काहीतरी, शेवटचा आकडा बदलत असतो. पोर्ट १३५, १३९, ४४५. राऊटर नाही. विंडोज साधीच. फॉरमॅटचं सांगा ना कोणीतरी.

कलमबहाद्दर
आयटी कायदा २०००, कलम ४३ (परवानगीशिवाय संगणकात शिरणं) वाचा. सगळे स्क्रीनशॉट ठेवा आणि १९३० ला, सायबर हेल्पलाइनला, फोन लावा.

तळेगावकर
१९३० खात्यातून पैसे गेले की लावायचा हो. नुसत्या स्कॅनची तक्रार करायची तर दिवसभर फोनवरच बसाल. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा स्कॅनर काढला. गिगाबिट लाइन असेल तर एकटा संगणक ४५ मिनिटांच्या आत अख्खं आयपीव्ही४ (चार आकड्यांच्या आयपींचं) इंटरनेट चाळतो. तुमचं दार वाजलं म्हणजे कोणी तुमच्याच मागावर आहे असं नाही.

हिरवी_मिरची
राऊटरवरून आठवलं, माझा प्रिंटर वायफायवर दिसतच नाही. कोणाला माहीत आहे का?

वायरमन
@कल्याणकर, राऊटर नाही म्हणजे नेट येतं कसं?

कल्याणकर_७९
केबलवाल्याची वायर सरळ सीपीयूला. युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्ट. राऊटर पावसात जळाला तेव्हापासून असंच आहे. त्याचा काय संबंध?

सदाशिवपेठी
१० ने सुरू होणारा आयपी प्रायव्हेट असतो. बाहेरचा कोणी नाही. मी म्हणत होतो तेच, खोटा अलर्ट.

वायरमन
प्रायव्हेट खरा, पण कोणाचा? घरात दुसरं यंत्रच नाही, तेव्हा ते केबलवाल्याचं जाळं. बरेच केबलवाले ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं करत नाहीत. अख्खी गल्ली एकाच लॅनवर. १३५, १३९, ४४५ ही विंडोजची स्वतःची पोर्ट, फाइल शेअरिंग वगैरेची. शेजारच्यांचा पीसी नुसता नेटवर्कमधली यंत्रं शोधत असेल, किंवा त्याला वर्म (आपणहून पसरणारा व्हायरस) लागला असेल. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वर्म) पसरला तो ४४५ मधूनच, आणि मायक्रोसॉफ्टचं ठिगळ (ते भोक बुजवणारं अपडेट) मार्चमध्येच आलेलं होतं!

फॉरमॅटची गरज दिसत नाही. 'ब्लॉक केला' म्हणजे तो प्रयत्न आत आलेला नाही. फक्त एवढं करा: नेटवर्क 'होम' असेल तर 'पब्लिक' करा, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग बंद करा. नेटस्टॅट (उघडी पोर्ट दाखवणारी कमांड) चालवून पाहिलंत तर ४४५ पुढे 'लिसनिंग' दिसेल, दचकू नका. विंडोज ते उघडतंच, पुढे फायरवॉल उभा आहे. आणि विंडोज 'साधी' म्हणजे कुठली?

शांतताप्रिय
व्हीपीएन घ्या. मी घेतलाय, निवांत आहे.

तळेगावकर
व्हीपीएनने शेजाऱ्याची वायर तुटते का?

कल्याणकर_७९
विंडोज ७. अपडेट बंद ठेवलेत, नेट स्लो होतं म्हणून.

पेंग्विनप्रेमी
😂😂

वायरमन
मग अलर्टपेक्षा हे मोठं. ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि अपडेट बंद म्हणजे २०१७ चं ठिगळही नसेल. सध्या तुमच्या आणि गल्लीच्या मध्ये एकटा तो फायरवॉल आहे. बाबांचं बँकेचं काम तूर्त फोनवरून करा. मध्ये राऊटर लावा, साधा चालेल. आतून कोणी मागितल्याशिवाय बाहेरचं काही तो आत सोडत नाही. फक्त त्याचा मूळ पासवर्ड बदला आणि पीसीसाठी डीएमझेड (बाहेरचं सगळं थेट पीसीकडे सोडणारी सेटिंग) वगैरे चालू करू नका. मग सवडीने विंडोज बदला.

कल्याणकर_७९
भावाचा जुना राऊटर लावला. नेटच येत नाही!! केबलवाला फोन उचलत नाही.

तळेगावकर
त्याने तुमच्या पीसीचा मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा नंबर) कनेक्शनला बांधून ठेवला असणार. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'मॅक क्लोन' शोधा, पीसीचा मॅक टाका. युजरनेम-पासवर्डही आता तिथेच, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडायची पद्धत) निवडून.

कल्याणकर_७९
आलं नेट. तासभर एकही चौकट नाही. थांबले वाटतं.

वायरमन
थांबले नाहीत, आता राऊटरवर आपटतायत. अपडेट चालू केलेत का?

हिरवी_मिरची
मॅक क्लोन करून प्रिंटर दिसेल का?

सदाशिवपेठी
प्रिंटरसाठी वेगळा धागा काढा. आणि आधी मॉडेल लिहा.