नांगरट बंद केली तर जमीन सुधारते का उत्पादन घटतं?

वाफसा_बघून:
नमस्कार मंडळी. पीक निघालं की नांगरट, मग वखराच्या पाळ्या, मग रोटाव्हेटर, आमचं हे असंच चालत आलंय. आता जिकडेतिकडे कमी मशागत नाहीतर शून्य मशागत ऐकायला मिळतं, म्हणून एका तुकड्यात यंदा नांगर घातलाच नाही, गव्हाची धसकटं आणि भुसा तसाच ठेवून त्यातच मका पेरला. उगवण बरी झाली पण आता पिवळा पडलाय आणि बाजूच्या नांगरलेल्या पट्ट्यातला हिरवागार आहे. वरून जमीन टणक लागते, तणही जास्त वाटतंय. हे चालू ठेवावं का सोडून द्यावं? आणि खरंच उत्पादन वाढतं का फक्त डिझेल वाचतं?

गांडूळमित्र:
दादा पिवळेपणाचं आधी बघू, कारण बरेच जण इथंच हात टेकतात. गव्हाच्या काडात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र अगदी थोडा, प्रमाण साधारण ८० ला १. काड कुजवणाऱ्या जिवाणूंना लागतं अंदाजे २४ ला १. मग कमी पडलेला नत्र ते जमिनीतूनच ओढून घेतात आणि पिकाला काही काळ उपास घडतो. काड कुजत आलं की तोच नत्र परत सुटतो पण मक्याला तर आत्ता पाहिजे ना.

आणि नांगरलेला पट्टा हिरवा का, तर माती उलटली की हवा खेळते, सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजतो आणि नत्र मोकळा होतो. पीक जोमात दिसतं खरं पण ती मुदत ठेव मोडून घरखर्च चालवल्यासारखी गोष्ट आहे, दरवर्षी मोडत राहिलं तर सेंद्रिय कर्ब उतरत जातो.

उपाय म्हणजे पेरतानाच थोडा नत्र बियाण्याच्या बाजूला आणि खाली पडेल असा द्यायचा. काडावर युरिया फेकू नका, काडात युरियाचं विघटन करणारं एन्झाइम भरपूर असतं, अमोनिया होऊन उडून जातो. आत्ता द्यायचा तर ओळीच्या बाजूने काड सारून मातीत गाडून द्या. दुसरं, मक्याआधी द्विदल पीक असेल तर हा त्रास बराच कमी होतो, बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम, बघून पीक घ्या.

ढेकूळ:
टणक लागतं म्हणजे नक्की कुठे ते बघितलं का? कुदळीने एक हातभर खोल खड्डा घ्या, एक त्या तुकड्यात आणि एक नांगरलेल्या पट्ट्यात. मक्याचं मूळ सरळ खाली गेलंय का कुठेतरी अडून आडवं वळलंय ते बघा. आडवं वळलं असेल तर तिथे नांगराचा जुना कडक थर आहे, वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फाळ घासून आणि ट्रॅक्टरच्या वजनाने झालेला. नांगर बंद केला म्हणून तो लगेच जात नाही. नांगर सोडायच्या आधी जमीन कोरडी असताना एकदा सबसॉयलर (माती न उलटता खालचा थर फोडणारं अवजार) मारून तो फोडायला हवा. ओल्यात मारला तर काही फुटत नाही, नुसती चीर पडते.

वरचा टणकपणा वेगळा. पहिली काही वर्षं बिननांगरटीची जमीन दाबलेलीच वाटते, घनताही जास्त भरते. पण आतून गांडुळांची बिळं आणि जुन्या मुळांच्या नळ्या तशाच राहतात, पाणी त्यातूनच उतरतं. रोटाव्हेटर त्या सगळ्या तोडून टाकतो, माती पिठासारखी होते, पहिला जोराचा पाऊस आला की पापडी धरते आणि पाणी वरून वाहून जातं.

घरी करून बघण्यासारखं आहे. दोन्हीकडचं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या आणि जाळीवर ठेवून पाण्याच्या ग्लासात बुडवा. सतत मशागतीतलं बहुतेक वेळा बघता बघता विरघळून पाणी गढूळ करतं. बरीच वर्षं न हलवलेल्या जमिनीतलं धरून राहतं, त्याला बुरशीच्या धाग्यांनी आणि जिवाणूंच्या चिकट स्रावांनी बांधलेलं असतं. तुमच्याकडे आत्ता फरक दिसणार नाही, दरवर्षी करत राहा.

आकडे_बोलतात:
वरच्या दोघांचं पटतं, पण उत्पादन वाढतंच असं कुणी सांगत असेल तर थांबा. २०१५ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता, ६३ देशांमधले ६१० अभ्यास आणि ४८ पिकं. त्यात बिननांगरटीने सरासरी उत्पादन ५.७ टक्के कमीच निघालं. पण नांगर बंद, जमिनीवर अवशेष आणि पिकांची फेरपालट हे तिन्ही एकत्र केलं तर तोटा कमी झाला, आणि कोरड्या हवामानातल्या पावसावरच्या शेतीत उलट ७.३ टक्के वाढ दिसली. कारण सरळ आहे, आच्छादनाने बाष्पीभवन कमी होतं आणि पावसाच्या खंडात ती ओल कामाला येते. नांगरही बंद आणि भुसाही उचलून नेला तर सगळ्यात वाईट, उघडी आणि दाबलेली जमीन दोन्ही पदरात. पाणी साचणाऱ्या, निचरा नसलेल्या भारी जमिनीत तर मी सुचवणारच नाही.

कर्बाचंही जरा जास्तच सांगितलं जातं. वरच्या थरात तो नक्की वाढतो आणि त्याचा फायदाही आहे, पण खोलवर मोजलं तर एकूण फरक बऱ्याच ठिकाणी अगदी थोडा निघतो. धूप थांबते हा मात्र खरा मोठा फायदा, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तणाचं गंभीरपणे घ्या. नांगर गेला की सगळा भार तणनाशकावर येतो, आणि एकच औषध परत परत मारलं की त्याला दाद न देणारं तण तयार होतं. अमेरिकेत डेलावेअरमध्ये २००० साली बिननांगरट सोयाबीनमध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाला न जुमानणारं तण सापडलं ते असंच. जाड आच्छादन, पिकांची अदलाबदल आणि तण बी धरायच्या आत काढणं, याला पर्याय नाही.

वाफसा_बघून:
खड्डा घेतला. मूळ वीतभर खाली जाऊन खरंच आडवं वळलंय! मग हा तुकडा पुन्हा नांगरून टाकू का?

ढेकूळ:
नांगरू नका, काड वर आलंय ते परत गाडलं जाईल. मका निघाल्यावर जमीन वाळू द्या, सबसॉयलर फक्त त्या थराच्या जरा खाली जाईल एवढाच लावा आणि लगेच खोल मुळांचं पीक घ्या, तूर चालेल, म्हणजे फोडलेल्या भेगांमध्ये मुळं उतरतील. नंतर त्यावर ओल्यात ट्रॅक्टर फिरवायचा नाही, नाहीतर थर परत बसतो. सगळं एकदम सोडायचं धाडस होत नसेल तर फक्त पेरणीच्या ओळीपुरती पट्टी मोकळी करा आणि मधलं आच्छादन तसंच ठेवा. पेरताना काड पेरणीच्या चरात दाबलं जात नाही ना ते उतरून बघा, बी काडावर अडकलं आणि मातीला टेकलं नाही तर उगवण विरळ होते.