ऑनलाइन खरेदीत नकळत सुरू झालेले सशुल्क सदस्यत्व : बंद कसे करावे, पैसे परत मिळतात का?

रामबागवाली, इंदूर

नमस्कार. माझी आई रामबागेत राहते आणि गुडघ्याचा पट्टा, शेकण्याची पिशवी असल्या वस्तू हल्ली मोबाइलवरूनच मागवते. परवा तिने बँकेच्या यंत्रावर पासबुक भरून आणले, तेव्हा दर महिन्याच्या ठरावीक तारखेला २९९ रुपये कटत असल्याचे लक्षात आले. ज्या नावाने पैसे जात होते ते नाव आम्ही दोघींनीही कधी ऐकलेले नव्हते. बऱ्याच शोधाशोधीनंतर कळले की, ज्या संकेतस्थळावरून तिने पट्टा मागवला होता त्याच दुकानाच्या मूळ कंपनीचे हे नाव असून ही रक्कम तिथल्या ‘खास सदस्यत्वा’ची आहे.

आईने असे सदस्यत्व मागितलेले नव्हते, म्हणून मी माझ्या फोनवर तीच खरेदी अगदी शेवटच्या पायरीपर्यंत करून पाहिली. पट्ट्याची किंमत ठळक अक्षरांत ४४९ रुपये दिसते. ती ‘सदस्यांसाठी’ आहे हे खाली फिकट करड्या रंगात लिहिलेले आहे आणि इतरांसाठीची ५४९ रुपये ही किंमत त्याच्याही खाली आहे. पैसे भरण्याच्या पानावर सदस्यत्वाच्या चौकटीत खूण आधीच केलेली असते. ती काढायला गेले की मध्येच एक खिडकी उघडते, तिच्यात भलेमोठे हिरवे बटण ‘हाँ, बचत जारी रखें’ असे म्हणते आणि त्याखाली, हेही दाबता येते असे कोणाला वाटू नये इतक्या बारीक अक्षरांत, ‘नहीं, मुझे पूरे पैसे देने हैं’ अशी ओळ असते. पहिल्या महिन्याचा आकार फक्त एक रुपया असल्यामुळे त्या वेळी कोणाला शंका येण्याचेही कारण नव्हते.

मला विचारायचे आहे ते असे. पिन एकदाच टाकलेला असताना पुढचे पैसे पिनशिवाय कसे गेले? मी आईच्या फोनमधून त्या दुकानाचे ॲप काढून टाकले आहे, तेवढे पुरेसे आहे का? आमचे शेजारी १९३० वर सायबर तक्रार करा असे सांगत आहेत, ते योग्य ठरेल का? आणि गेलेले पैसे परत मिळण्याची कितपत आशा धरावी?

निवृत्त बँक कर्मचारी

ताई, ॲप काढून टाकल्याने काहीही थांबलेले नाही, म्हणून सर्वांत आधी त्याविषयी लिहितो. आपल्या आईंच्या बाबतीत तीन वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या आहेत : फोनमध्ये ॲप आले, दुकानाकडे सदस्यत्व नोंदले गेले आणि बँकेकडे पैसे कापण्याची कायमची परवानगी, म्हणजे मँडेट, तयार झाले. आपण यांतली पहिलीच गोष्ट काढली आहे आणि तीच सर्वांत निरुपद्रवी होती. मोबाइलच्या ॲप स्टोअरमधून घेतलेल्या सदस्यत्वांचेही असेच असते. ॲप पुसले तरी वर्गणी चालू राहते.

आता पिनविषयी. यूपीआय ऑटोपे ही सोय जुलै २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात ग्राहक पहिल्या वेळी पिन टाकून परवानगी देतो आणि पुढचे हप्ते ठरलेल्या दिवशी आपोआप जातात. सामान्य वर्गणीसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून एका वेळच्या १५,००० रुपयांपर्यंत पुन्हा पिन किंवा ओटीपी न मागण्याची मुभा दिलेली आहे, तेव्हा २९९ रुपयांना कोणी पिन विचारणारच नाही. त्या एक रुपयाच्या वेळी जो पडदा समोर येतो तो नीट पाहण्यासारखा असतो. त्यावर एक रुपया तर असतोच, पण जरा खाली कमाल रक्कम, ‘मासिक’ हा शब्द आणि परवानगी संपण्याची तारीख लिहिलेली असते. ही कमाल रक्कम पुष्कळदा प्रत्यक्ष हप्त्यापेक्षा मोठी असते आणि शेवटची तारीख कित्येक वर्षांनंतरची. बहुतेकांची नजर एक रुपयावर जाते आणि बोट पिनच्या आकड्यांवर.

प्रत्येक हप्त्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना गेली पाहिजे आणि तिच्यात पैसे घेणाऱ्याचे नाव, रक्कम व कापण्याची तारीख असली पाहिजे, असा नियम आहे. आईंच्या फोनवर असे संदेश आलेले असणार; मात्र ते इंग्रजीत आणि कर्जाच्या, रिचार्जच्या जाहिरातींच्या गर्दीत आले असतील, तर त्यांच्या नजरेतून सुटणे स्वाभाविक आहे. ते संदेश पुसू नका, पुढे उपयोगी पडतील.

काम या क्रमाने करावे. ॲप पुन्हा घ्या किंवा संकेतस्थळ उघडा, आईंच्या नंबरने आत जा आणि सदस्यत्वाच्या पानाची चित्रे काढून ठेवा, विशेषतः सुरू झाल्याची तारीख आणि आजवरच्या वापराचा तपशील दिसेल अशी. मग सदस्यत्व रद्द करा आणि रद्द झाल्याचा ईमेल किंवा संदेश जपून ठेवा. त्यानंतर ज्या यूपीआय ॲपवरून पिन टाकला होता त्याच ॲपमध्ये ऑटोपेचा विभाग उघडून ते मँडेट रद्द करा. तिथे थोड्या काळासाठी थांबवण्याचाही पर्याय असतो, तो घेऊ नका. त्याची मुदत संपली की हप्ते पुन्हा सुरू होतात. वर्गणी कार्डावर असती तर हेच काम बँकेच्या संकेतस्थळावर करता आले असते, कारण दिलेली परवानगी केव्हाही मागे घेण्याची सोय ठेवणे कार्ड देणाऱ्या बँकेवर बंधनकारक आहे आणि त्यासाठी बँक शुल्क आकारू शकत नाही.

नुसते मँडेट रद्द करून गप्प बसणारेही अनेक जण मी पाहिले आहेत. पैसे कटणे थांबते हे खरे, पण दुकानाच्या दफ्तरी सदस्यत्व चालूच राहते आणि थकबाकीचे संदेश येत राहतात, म्हणून दोन्ही करावे.

स्नेहलतागंजकर

सर्वांच्या सहानुभूतीचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. किंमत कोणासाठी आहे हे लिहिलेले होते, चौकटीतील खूण काढण्याची सोय होती आणि पिन आईंनी स्वतः टाकला. शिवाय त्यांना पट्ट्यावर शंभर रुपयांची सूट मिळाली, ती त्यांनी घेतली. दुकानदाराने सर्व काही पानावर ठेवलेले असताना न वाचल्याचा दोष त्याच्यावर कसा टाकता येईल? राजवाड्यासमोरच्या दुकानातही आपण पावती न वाचता पैसे देतो आणि नंतर तक्रार करत नाही.

ग्राहक कायद्याचा अभ्यासक

स्नेहलतागंजकरांचा मुद्दा वरवर पटण्यासारखा आहे आणि कंपनीकडून पहिले उत्तर नेमके हेच येईल, म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. आपल्या कायद्यात प्रश्न केवळ ‘लिहिले होते की नाही’ एवढाच नसून संमती कोणत्या रीतीने घेतली हाही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ४ स्पष्ट सांगतो की, ग्राहकाची संमती त्याच्या स्वतःच्या उघड आणि होकारार्थी कृतीतूनच नोंदवली पाहिजे. आधीच खूण केलेल्या चौकटीतून किंवा अन्य प्रकारे आपोआप नोंदवलेली संमती चालत नाही. ताईंनी वर्णन केलेली चौकट या नियमाच्या थेट विरुद्ध आहे. ग्राहकाने खूण काढली नाही याला त्याची कृती म्हणता येत नाही, हा या नियमाचा गाभा आहे.

दुसरे असे की, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवे वळण देणाऱ्या पडद्यांच्या रचनेविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा १३ प्रकारांची यादी दिली. ताईंच्या पोस्टमधील पानात त्यांतले किमान दोन सरळ दिसतात. संमतीशिवाय टोपलीत जादा वस्तू किंवा सेवा सरकवणे हा एक. सलूनमधील एकच सेवा घेतली असता पैसे भरताना तिचे सदस्यत्व आपोआप जोडले जाणे, असे उदाहरणच त्या सूचनांमध्ये दिलेले आहे. नकार देणाऱ्याला ओशाळे वाटेल अशी भाषा वापरणे हा दुसरा. ‘मुझे पूरे पैसे देने हैं’ हे वाक्य त्याचा उत्तम नमुना ठरावे. सदस्यत्व रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे याला त्याच यादीत सबस्क्रिप्शनचा सापळा म्हटले आहे. तुम्ही रद्द करायला जाल तेव्हा किती पाने ओलांडावी लागतात तेही चित्रांसह टिपून ठेवा. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने सर्व ई-कॉमर्स कंपन्यांना आपापल्या मंचांची या दृष्टीने तीन महिन्यांत स्वतः तपासणी करण्यास सांगितले होते, त्यामुळे नियम ठाऊक नव्हता अशी सबब कोणाला सांगता येणार नाही.

राहिले १९३०. तो क्रमांक सायबर फसवणुकीसाठी आहे. कोणी फोन करून, अनोळखी लिंक पाठवून किंवा बनावट दुकान उघडून मँडेटला मंजुरी मिळवली असती, तर एक क्षणही न दवडता तिथेच कळवायला हवे होते. येथे दुकान खरे आहे, वस्तू घरी आलेली आहे आणि पिनही खराच आहे, तेव्हा बँकेकडे ‘अनधिकृत व्यवहार’ म्हणून दाद मागितली तर ती फेटाळली जाण्याचीच शक्यता अधिक. मँडेट रद्द केल्यावरही हप्ता कटला तर गोष्ट निराळी. तेव्हा बँकेला लेखी विचारावे आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे.

आपली तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जावी. त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. पत्रात भावना कमी आणि तारखा जास्त असाव्यात : आधीच खूण केलेल्या चौकटीचे चित्र, कटलेल्या रकमांचे पासबुकातील पान, सदस्यत्वाचा लाभ घेतला नसल्याचा तपशील आणि नियम ४ चा उल्लेख. सूट मिळाल्याचा मुद्दा आपणच मांडा आणि ते शंभर रुपये वजा करून उरलेले परत मागा. मागणी रास्त दिसली की समोरच्याला नाकारणे अवघड जाते. त्यांच्याकडून काही झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तिथे मराठीतही बोलता येते.

माळव्यातून जर्सीला

मी अमेरिकेत राहते, म्हणून इकडची एक गोष्ट सांगते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर याच स्वरूपाचा दावा लावला होता : ग्राहकांना नकळत प्राइमचे सदस्य केले आणि बाहेर पडण्याची वाट मुद्दाम लांबवली, असा त्यांचा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली, त्यांतले दीड अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी आहेत. पात्र सदस्याला ५१ डॉलरपर्यंत मिळतात, अर्थात फक्त अमेरिकेतल्या. तडजोडीनंतर ‘नको, मला मोफत डिलिव्हरी नको’ अशा धर्तीचे बटण तिथे ठेवता येत नाही. नकाराचे बटण स्पष्ट असावे लागते. वरचे हिंदी बटण वाचून मला तेच आठवले. स्नेहलतागंजकर, पिन टाकणाऱ्याच्या हातून निर्णय कसा करवून घेतला गेला, हे तिकडेही पाहिले गेले.

रामबागवाली, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. सदस्यत्व आणि मँडेट दोन्ही रद्द केले. सदस्यत्वाचे पान ‘मदत’ विभागात, नेहमीच्या प्रश्नांच्या तळाशी सापडले आणि रद्द होईपर्यंत तीन वेळा ‘खरंच जायचे आहे का’ या अर्थाचा प्रश्न आला, त्यांची चित्रे काढली आहेत. एका वेळी तर हिरवे आणि करडे बटण यांच्या जागाच बदललेल्या होत्या. तक्रार अधिकाऱ्याला पत्र गेले, तेव्हा कंपनीने ‘सद्भावना म्हणून’ शेवटचे दोन हप्ते परत केले. आधीच्या हप्त्यांबद्दल मात्र, त्या काळात सेवा उपलब्ध होती, एवढेच उत्तर आले. एवढ्याशा रकमेसाठी पुढे जाण्यात अर्थ आहे का? कंपनीचे कार्यालय दुसऱ्या राज्यात आहे आणि आईला तिकडे खेटे घालणे शक्य नाही.

ग्राहक कायद्याचा अभ्यासक

तिकडे जावे लागणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे इंदूरमध्येच तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ई-जागृती या संकेतस्थळावरून ती घरबसल्या दाखल होते, वकील असलाच पाहिजे असेही नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाई नाही. आधी १९१५ वर नोंद करा आणि तिथला तक्रार क्रमांक घ्या. ‘सेवा उपलब्ध होती’ या उत्तरावर, सेवा मागितली होती याचा पुरावा द्या, असे एका ओळीत लेखी विचारा. दोन हप्ते त्यांनी स्वतःहून परत केले आहेत, तेव्हा बाकीच्यांत वेगळे काय आहे, हेही त्याच पत्रात विचारून ठेवा.

निवृत्त बँक कर्मचारी

आणि पुढच्या महिन्यात त्या तारखेनंतर पासबुक एकदा पुन्हा भरून आणा. यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत आणखी काही नावे दिसत असतील तर त्यांचीही खात्री करून घ्या. एक रुपयाचे मँडेट एकटे क्वचितच सापडते.